संग्रहालयाची सहल : पाहणे आणि पळणे

डिसेंबर उजाडला, की शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. मुंबईत काळा घोडा परिसरात सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, तर एकामागून एक बसगाड्या येऊन थांबताना दिसतात. गणवेशातली शे-दीडशे मुले उतरतात, दोन-दोनच्या रांगा लागतात, बाई डोकी मोजतात, तोंडावर बोट ठेवण्याची आज्ञा होते आणि ही लांबलचक रांग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाखाली शिरते. पुढे काय होते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कारण आपणही कधी तरी अशाच रांगेत होतो. पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून चालायचे, ‘हात लावू नका’ आणि ‘पुढे चला’ ही दोन वाक्ये ऐकायची, हुशार मुलांनी वहीत पाट्या उतरवून घ्यायच्या आणि उरलेल्यांनी त्या नंतर हुशार मुलांच्या वहीतून उतरवायच्या. पाऊण तासात सगळी दालने आटोपतात. मग गेटवे, मग डबा, मग परतीच्या गाडीत भेंड्या. सहलीवर निबंध लिहायची वेळ येते तेव्हा आठवते ते एखादे पेंढा भरलेले जनावर आणि कुणाच्या तरी डब्यातली बटाट्याची भाजी.

यात दोष वास्तूचा नाही आणि वस्तूंचा तर नाहीच. ज्या इमारतीची कोनशिला १९०५ साली बसवली गेली, जी पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ च्या जानेवारीत जी संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली, तिच्या नुसत्या जन्मकथेतही मुलांना रमवण्याजोगे पुष्कळ आहे. अडचण आहे ती आपल्या समजुतीची. संग्रहालयात मुलांना नेले म्हणजे त्यांना सर्व काही दाखवलेच पाहिजे, एकही दालन सुटता कामा नये, अशी आपली ठाम समजूत आहे. तिची किंमत मोठी आहे. रांगेतल्या अनेक मुलांच्या आयुष्यातली संग्रहालयाची ती पहिली आणि कदाचित शेवटचीच भेट असते. ‘संग्रहालय म्हणजे कंटाळा’ ही खूणगाठ त्या पाऊण तासात बांधली गेली, तर ती पुढे सुटत नाही.

थकवा कुठून येतो?

संग्रहालयात माणूस थकतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच नोंदवली गेली आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर एक लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला काचपेट्यांतील वस्तू पाहायला सांगितले आणि तो पाहत असताना त्याची छायाचित्रे घेतली. कुठे तो कमरेत वाकला आहे, कुठे गुडघे मोडून बसला आहे, कुठे मान वाकडी करून पाटी वाचतो आहे. थकवा मेंदूला येण्याआधी पाठीला आणि मानेला येतो, हे त्या छायाचित्रांतून सहज दिसत होते. हा प्रयोग प्रौढ माणसावर केलेला होता. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी तीच पेटी डोक्याच्या उंचीवर असते आणि पाटीची भाषा तर आणखीच उंचावर. ‘इ. स. सहावे शतक, पारेवा दगड, चालुक्य शैली’ यातला एकही शब्द मुलाच्या बोलण्यातला नाही. मूल टाचा उंचावते, काचेला नाक लावते, ओरडा खाते आणि पुढे सरकते.

मुलांसाठी वेगळे संग्रहालय असावे, हा विचार प्रत्यक्षात आला तो १८९९ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. पाठोपाठ १९१३ मध्ये बोस्टनला असे संग्रहालय निघाले. तिथे १९६२ साली मायकेल स्पॉक हे संचालक झाले. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे आपल्याकडेही ठाऊक असलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. त्यांनी वस्तू काचेबाहेर काढल्या आणि मुलांच्या हाती दिल्या. पुढे १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला फ्रँक ओपेनहायमर यांनी ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू करून विज्ञानाच्या बाबतीत हीच वाट रुंद केली. आपल्याकडे दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभारलेले बाहुल्यांचे संग्रहालय, मुंबईत वरळीचे १९८५ पासूनचे नेहरू विज्ञान केंद्र ही ठळक उदाहरणे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही २०१९ मध्ये आपल्या आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू केले. तेथील जुन्या गोरखचिंचेचा बुंधा पाहिला, की निम्मी मुले आधी त्याच्याकडेच धावतात. धावू द्यावे, झाडही पाहण्याचीच वस्तू आहे.

परंतु प्रत्येक गावात मुलांचे वेगळे संग्रहालय निघणार नाही, आणि निघायची गरजही नाही. जे आहे तेच मुलांना कसे दाखवायचे, हा खरा प्रश्न आहे.

एक तास, पाच वस्तू

चांगल्या बालफेरीचे गणित साधे आहे. एका वाटाड्यामागे मुले पंधराच्या आसपास, वेळ फार तर एक तास आणि वस्तू चार किंवा पाच. शंभर मुलांची शाळा आली तर तिचे गट पाडायचे आणि प्रत्येक गट वेगळ्या दालनापासून सुरू करायचा. वस्तूपुढे मुलांना खाली बसवायचे. ही बसण्याची गोष्ट किरकोळ वाटते, पण तिच्याने बरेच काही बदलते. उभे मूल पुढे जायच्या तयारीत असते, बसलेले मूल थांबायच्या. पाय दुखत नाहीत, पुढच्याचे डोके आड येत नाही आणि शिक्षकांची निम्मी शिस्त आपोआप सांभाळली जाते.

त्यानंतर वाटाड्या माहिती सांगत नाही, तो विचारतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी या विचारण्याची एक पद्धतच बसवून दिली. तिचा गाभा तीन प्रश्नांत आहे. समोरच्या चित्रात काय चालले आहे, ते आधी विचारायचे. मूल काही म्हणाले, की तसे वाटण्यासारखे त्याला नेमके काय दिसले, ते विचारायचे. आणि मग, आणखी काय सापडते आहे? यातला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. ‘हा राजा आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे न सांगता ‘कशावरून?’ असे विचारले, की त्याला पुन्हा मूर्तीकडे पाहावेच लागते. मुकुट आहे म्हणून. पण मुकुट तर शेजारच्यालाही आहे! मग दुसरे कुणी म्हणते, हा आकाराने मोठा आहे. तिसऱ्याला दिसते, की बाकी सगळे याच्याकडे पाहत आहेत. शिल्पकाराने प्रमुख व्यक्ती मोठी घडवली आणि इतरांच्या नजरा तिच्याकडे वळवल्या, ही गोष्ट मुलांनी स्वतः शोधलेली असते. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकात ती एका ओळीत सापडते. पण त्या ओळीचे आणि मुलाचे काहीही नाते नसते.

याचा अर्थ वाटाड्याला काही ठाऊक नसले तरी चालते, असा मात्र नाही. उलट, कुठल्या क्षणी कुठली माहिती पुढे करायची हे कळण्यासाठी त्याला पुष्कळच ठाऊक असावे लागते.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण घेऊ. १८७२ मध्ये राणीच्या बागेत खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. पूर्वी व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे. १९७५ मध्ये त्याला त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या भाऊ दाजींचे नाव मिळाले आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. तिथली फेरी आत न शिरताच सुरू करता येते. बाहेर एक भला थोरला दगडी हत्ती उभा आहे. मुलांना एवढेच सांगायचे, की या हत्तीच्या अंगावर सांधे शोधा. मुले शोधतात, आणि सापडतातही. मग गोष्ट सांगायची. हा हत्ती इथला नव्हेच, हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते यालाच पाहून. तो हलवण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले, ते १८६४ मध्ये मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. म्हणजे मधली पन्नास वर्षे तो नुसताच दगडांचा ढीग होता. या ठिकाणी एखादे मूल हमखास विचारते, की मग हा आता घारापुरीला परत का नेत नाहीत? या प्रश्नावर मोठ्या माणसांच्या परिषदा भरतात. वाटाड्याने त्याचे उत्तर द्यायची घाई करू नये.

आत गेल्यावर एकोणिसाव्या शतकातील कारागीर, फेरीवाले, निरनिराळ्या जातीजमातींची माणसे यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. तिथे पगड्यांचे प्रकार पाठ करून घेणे म्हणजे दिवस वाया घालवणे. ‘यातले कोणते काम करणारा माणूस तुम्ही आपल्या गल्लीत अजूनही पाहिला आहे?’ असे विचारले, तर मुलांना बोलण्यासारखे खूप असते.

हात का लावायचा नाही?

‘हात लावू नका’ हे वाक्य संग्रहालयात टाळता येत नाही. पण त्याचे कारण सांगायला आपण विसरतो. देवळातला नंदी आठवा. लाखो हातांनी त्याची पाठ आणि शिंगे गुळगुळीत झालेली असतात. एकेक हात हलकाच असतो. दगड झिजतो तो सगळ्यांचा मिळून. शिवाय बोटांवर घाम आणि तेल असते. घामातल्या क्षारांमुळे पितळ-काशावर डाग पडतात आणि ते हळूहळू धातू खातात. कापड आणि लघुचित्रे यांना तर नुसता उजेडही बाधतो. रंग एकदा उडाले की परत येत नाहीत. म्हणूनच त्या दालनांत प्रकाश मुद्दाम मंद, साधारण ५० लक्सच्या आसपास ठेवतात आणि छायाचित्राचा झोत वर्ज्य असतो. ‘इथे अंधार का?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर रखवालदाराच्या शिट्टीपेक्षा कितीतरी जास्त शिस्त लावते. घासून लख्ख केलेली पितळी पट्टी निम्मी झाकून, निम्मी मुलांच्या हाती देऊन आठवड्याने पाहिली, तर हा धडा शाळेतही देता येतो.

पण हातांना काहीतरी हवेच असते. म्हणून चांगल्या संग्रहालयांत हाताळण्यासाठी वेगळा संग्रह ठेवतात. त्यात प्रतिकृती असतात, खापराचे तुकडे असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचे दालन दृष्टिहीनांसाठी उघडले. तिथे निवडक वस्तूंच्या प्रतिकृती स्पर्शाने पाहता येतात. अशा दालनात डोळस मुलांनीही डोळे मिटून एक फेरी मारायला हरकत नाही. नुसत्या बोटांनी मूर्तीचे नाक, ओठ, दागिने ओळखताना शिल्प ही ‘खोली’ असलेली गोष्ट आहे, हे प्रथमच समजते.

कार्यशाळा की हस्तकलेचा तास?

कार्यशाळांचे पीक अलीकडे उदंड आले आहे. उन्हाळ्याच्या सुटीत वारली चित्रे, मुखवटे, मातीची भांडी, ठसेछपाई, मोडी लिपी असे काही ना काही चालू असते. त्यांपैकी बऱ्याच कार्यशाळा संग्रहालयात होतात, इतकाच त्यांचा संग्रहालयाशी संबंध. मुले तळघरात किंवा मागच्या व्हरांड्यात बसून मुखवटे रंगवतात आणि आई-बाबा आले की घरी जातात. वरच्या मजल्यावर खरे मुखवटे असतात, तिकडे कुणी फिरकतही नाही. हाच तास शेजारच्या सभागृहात घेतला असता तरी काय बिघडले असते? कार्यशाळेला माझी कसोटी एकच : हाताने काम केल्यावर मूल पुन्हा दालनात जाऊन ती वस्तू पाहते का?

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांची कार्यशाळा या कसोटीला उतरते. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या बहुतेक मुद्रा शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरून नंतर भाजून टणक केलेल्या. चौकोनी, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या, मागे दोरा ओवण्यासाठी भोक असलेला उंचवटा. मुलांना साबणाची वडी आणि बोथट टाचणी दिली, की ती उत्साहाने आपले नाव कोरतात, मग मऊ मातीवर शिक्का उमटवतात आणि एकदम गोंधळ उडतो. नाव उलटे आले! आरशात पाहावे तसे. दुसऱ्या खेपेला मुले उलटे कोरायचा प्रयत्न करतात, तेव्हा मराठीतला ‘क’ सुद्धा किती अवघड आहे हे कळते. आता यांना दालनात न्यावे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारागिराने बोटभर दगडात एकशिंगी जनावराचे पायाचे स्नायू, गळ्याच्या वळ्या आणि वर अक्षरांची ओळ, हे सगळे उलटे कोरले होते, हे ज्याच्या साबणाचा तुकडा नुकताच मोडला आहे त्या मुलाला सांगावे लागत नाही. ते काचेपाशी आपण होऊन वाकते. ‘यावर काय लिहिले आहे?’ असे त्याने विचारले तर खरे उत्तर द्यावे, की अद्याप कुणालाही ते खात्रीने वाचता आलेले नाही. मोठ्या माणसांनाही ठाऊक नसलेली गोष्ट जगात आहे, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही.

राजाचे संग्रहालय

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांना दाखवताना एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती म्हणजे हा ‘राजा’ कोण. पाटी वाचणाऱ्या अनेकांना वाटते, की हा कुणी संस्थानिक असावा. राजा हा दिनकर केळकरांचा मुलगा. वयाच्या सातव्या वर्षी तो गेला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या हजारो वस्तूंना त्याचे नाव दिले. दुसरी-तिसरीच्या वयाच्या मुलाच्या नावाचे हे संग्रहालय, त्याच वयाची मुले रांगेने पाहून जातात आणि त्यांना ते ठाऊकही नसते.

वस्तूही मुलांच्या ओळखीच्या, किंवा ओळख नुकतीच पुसली गेलेल्या. दिवे, कुलपे, अडकित्ते, पाय घासायच्या वजऱ्या, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी. एका अडकित्त्याला घोड्याचे रूप, दुसऱ्याला जोडप्याचे. सुपारी कातरण्याच्या कामासाठी एवढी नक्षी कशाला, हा प्रश्न विचारायला इतिहासाचे ज्ञान लागत नाही. इथे आजी-आजोबांना बरोबर आणावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. वजरी कशी वापरायची हे आजी जितके चांगले सांगेल तितके कोणतीही पाटी सांगणार नाही. आणि आजीला प्रथमच वाटेल, की आपण या दालनातले जाणकार आहोत. घरी गेल्यावर मुलांनी माळ्यावरची एखादी जुनी वस्तू शोधावी, ती कुणाची, कशासाठी, घरात कधी आली, हे विचारून चार ओळींची पाटी लिहावी. अशा तीस वस्तू वर्गात मांडल्या की संग्रहालय झाले. मांडताना पहिला वाद होतो तो ‘ही आधी की ती?’ असा. हा वाद म्हणजेच अभिरक्षकाचे काम.

ज्यांची बस येतच नाही

इथवर जे लिहिले ते ज्यांची बस संग्रहालयाच्या दारी पोहोचते त्यांच्यासाठी. अनेक शाळांची ती पोहोचतच नाही. बसचे भाडे, परवानगीचे कागद, मुलांची जबाबदारी या सगळ्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतली सहल बहुधा गडावर किंवा देवस्थानी जाते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ म्हणजे फिरते संग्रहालय सुरू केले. एका मोठ्या बसमध्ये प्रदर्शन मांडून ते शाळांच्या अंगणात नेण्याचा हा उपक्रम. कल्पना चांगली आहे, मात्र एका बसने महाराष्ट्राचे अंतर कापले जात नाही.

वास्तविक लहान गावांजवळही काही कमी नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली एक छोटी काशाची मूर्ती आहे. ती पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची. पंचगंगेच्या काठी हा परका समुद्रदेव आला कसा? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात त्याच काळाच्या आसपासच्या, दूरच्या व्यापाराच्या खुणा सांगणाऱ्या वस्तू आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक भाषेतल्या एका जुन्या प्रवासवृत्तातही त्याचे नाव येते. इतिहासाच्या पुस्तकातले ‘रोमशी व्यापार चालत असे’ हे निर्जीव वाक्य या दोन ठिकाणी हाताच्या अंतरावर उभे असते. उणीव आहे ती ते दाखवणाऱ्या माणसाची. आपल्या शासकीय संग्रहालयांत अभिरक्षक असतो, रखवालदार असतो. मुलांशी बोलण्यासाठीच नेमलेला माणूस क्वचितच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दप्तराविना दिवसांची आणि ऐतिहासिक स्थळांच्या भेटींची शिफारस आहे. पण दप्तर घरी ठेवून आलेल्या मुलाला पोसायडनची गोष्ट सांगणारे पद कुणाच्या अंदाजपत्रकात बसवायचे, हे धोरणात नाही.

तोवर हे काम शिक्षकांनाच करावे लागणार आहे, आणि ते फारसे अवघडही नाही. सहलीच्या आधीच्या शनिवारी बाईंनी किंवा सरांनी एकट्यानेच संग्रहालयात एक चक्कर मारावी. पाच वस्तू निवडाव्यात. त्यांतली निदान एक अशी असावी, की जिच्याविषयी स्वतःलाही फारसे ठाऊक नाही. संग्रहालयाला आधी कळवून गटांच्या वेळा ठरवाव्यात. स्वच्छतागृह कुठे, डबा कुठे खायचा हे पाहून ठेवावे. तहानलेले मूल चालुक्यांकडे पाहत नाही. वह्या वर्गातच ठेवाव्यात आणि जाताना प्रत्येकाला एक कोरा कागद, एक पेन्सिल द्यावी, वस्तू काढण्यासाठी. चित्र चांगले यायची गरज नाही. काढताना मूल दहा मिनिटे एकाच जागी बसते, हे पुरे. आणि परतताना बसमध्ये ‘काय शिकलात?’ असे विचारू नये. भेंड्या खेळू द्याव्यात.